सोंग उतरेपर्यंत

"वर्दीतला माणूस दारात आला की लगेच काही विचारायचं नाही. पट्टा सुटू दे, पाणी घशाखाली उतरू दे, मग तोंड उघड."

सुनंदाच्या सासूबाईंनी हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. त्यांचे यजमानही पोलिसातच होते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पण जिन्यात बुटांचा आवाज झाला की त्यांचे शब्द सुनंदाच्या कानात आधी यायचे आणि मग मोहन दारात दिसायचा.

त्या वर्षी धुळवडीच्या संध्याकाळीही ती तशीच गप्प राहिली. मोहन हवालदार होता. ड्युटी अच्छाडच्या बाजूला, हायवेवर. डहाणूला घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. वर्दीला गुडघ्यापर्यंत गटाराचा चिखल, एक कोपर सोललेलं. त्यानं पाणी पिऊन आंघोळ केली, देवाला हात जोडले आणि पानावर बसला. तेव्हा कुठं तिनं विचारलं, "पडलात का कुठं?"

"शिमगा आहे," तो म्हणाला. "रस्त्यात उतरतात लोक पोस्त मागायला. धावपळ झाली जरा."

तिनं कोपराला हळद लावली. विषय तिथंच राहिला. शिमग्यात त्या पट्ट्यात गावोगावची माणसं सोंगं घेऊन, रस्त्याला दोर आडवा धरून गाड्या थांबवतात आणि सणाची पोस्त मागतात, हे डहाणूत राहणाऱ्या कुणालाही नवीन नव्हतं. सोंगं आली की पोलिसांची धावपळही आलीच.

सकाळची पूजा आणि पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय मोबाईलला हात लावायचा नाही, हा सुनंदाचा नेम. दुसऱ्या दिवशी तो पुरा करून तिनं मोबाईल उघडला, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर शेजारच्या सुषमानं एक व्हिडिओ टाकलेला. वर लिहिलं होतं, 'आदिवासी भगिनीला केसाला धरून फरफटत नेणारा हा खाकीतला राक्षस. वेवजीजवळची घटना. इतका शेअर करा की याच्या अंगावर वर्दी राहता कामा नये.' खाली मंडळातल्या बायकांनी रडणारे, लाल तोंडाचे चेहरे टाकले होते. एकीनं लिहिलं होतं, 'ह्यांच्या घरात आयाबहिणी नसतात का?'

व्हिडिओ गाडीतून काढलेला होता. धूळ, पळणारी माणसं. लाल लुगडं नेसलेली एक बाई पाठमोरी, आणि एक पोलीस तिचे केस मुठीत धरून तिला मागे खेचतोय. बाई किंचाळते. कुठून तरी हॉर्न वाजायला लागतो आणि तो वाजत असतानाच व्हिडिओ संपतो. पोलिसाचं तोंड धड दिसत नव्हतं. दिसत होती केसांत रुतलेली मूठ, आणि मनगटावरचा लाल धागा. गाठीपाशी जरा जाड. महाशिवरात्रीला बांधताना तो आखूड पडला होता, म्हणून तिनंच त्याला दुसरा धागा जोडला होता.

सुनंदा ओट्याला टेकून खाली बसली. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, विझलेल्या गॅसचा वास सुटला, तेव्हा तिला उठायचं सुचलं. बर्नर बंद केला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. तो हात तिच्या ओळखीचा होता. हा हात तापात तिच्या कपाळावर असायचा. लेकीला, श्रुतिकेला, सायकल शिकवताना सीटमागे असायचा. तो तिथं, त्या केसांत, काय करत होता?

जरा वेळानं ग्रुप उघडला तर व्हिडिओ गायब. 'हा मेसेज डिलीट करण्यात आला.' म्हणजे कुणीतरी ओळखलं होतं. रोज सकाळी त्या ग्रुपवर सुविचारांची आणि फुलांची नुसती झड लागायची. आज एक पान हललं नाही.

मग सुषमा स्वतःच आली. हातात वाटीभर पुरण, आदल्या दिवशीचं. "सुनंदाताई, देवाशपथ, मला माहीत नव्हतं हो. मला माहेरच्या ग्रुपवरून आला, मी पुढे ढकलला. भाऊजींचा असेल असं स्वप्नात तरी येईल का?"

"त्यांचा आहे असं कोण म्हणालं?"

"नाही, म्हणजे... मंडळातल्या लेले काकू म्हणाल्या, चालण्यावरून वाटतंय." सुषमा पुरणाच्या वाटीकडे बघत राहिली. "तसे घरात इतके शांत आहेत ते. पण पुरुषमाणसं बाहेर कशी वागतात, आपल्याला कुठं कळतं?"

ती गेली. वाटी ओट्यावर राहिली. वाक्यही.

श्रुतिका कॉलेजातून नेहमीच्या आधीच परतली. चप्पल दारात फेकली, आणि आईकडे न बघता म्हणाली, "तूही बघितलास ना?"

"बघितला."

"वर्गात सगळ्यांकडे आहे. पूजा विचारत होती, तुझे बाबा घरीपण असेच ओढतात का गं? हसत विचारत होती, आई."

 सुनंदा पोरीच्या पाठीवरून हात फिरवायला गेली, तर श्रुतिका बाजूला सरकली. तिच्या मोबाईलवर वडिलांबरोबरचा फोटो असायचा. झेंडावंदनाचा, तो वर्दीत, ती त्याची टोपी घालून. आज तिथं नुसतं पिवळं फूल होतं.

मोहन दुपारीच परत आला. साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. आज त्यानं पट्टा सोडायचीही वाट बघितली नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "तो बाप्या होता, सुनंदा. बाईचं सोंग घेतलेला. ताडी प्यालेला. दोर सोडून नाचत नाचत मध्ये गेला आणि समोरून ट्रक. हाताला जे लागलं ते धरलं मी. केस कसले, गंगावन ते. ते सुटून माझ्या हातात आलं, तोवर तो बाजूला आला होता. दोघंही गटारात. ट्रक थांबलासुद्धा नाही."

"मग ते व्हिडिओत...?"

"त्याच्या आधीच कापलाय."

आतल्या खोलीचं दार उघडलं. श्रुतिका उंबऱ्यात उभी. "बाबा, निदान असं तरी सांगू नका. खाली लोकांनी आधीच लिहिलंय, 'आता म्हणतील बाई नव्हतीच.' तुम्ही अगदी तेच म्हणताय."

"श्रुती, मी होतो तिथं."

"पोलीस नेहमी असंच म्हणतात."

मोहननं लेकीकडे असं पाहिलं, जणू समोर दुसऱ्याच कुणाची मुलगी उभी आहे. मग खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ पडली होती. बराच वेळ सोडवत राहिला.

संध्याकाळी आणखी एक व्हिडिओ फिरायला लागला. मोबाईलवर बातम्या देणारा एकजण माइक घेऊन वेवजीच्या त्या पाड्यावर जाऊन आला होता. समोर सुक्या नावाचा म्हातारा, पाड्याचा कारभारी. माइकवाल्यानं विचारलं, "बाबा, ती महिला तुमच्याच पाड्यातली?" सुक्या म्हणाला, "होय. आमची बाय ती." "पोलिसांनी काय केलं?" "केस धरून ओढली. बाय रडत आली." "ती समोर का येत नाही? घाबरलीय?" "बाय घरात हाय. बाहेर येयाची नाय." माइकवाला कॅमेऱ्याकडे वळून ओरडायला लागला. खाली आकडे पळत होते.

पोलीस ठाण्यातून पाठवलेली माणसंही पाड्यावर जाऊन हेच ऐकून आली होती. बायच होती. साहेब मोहनला म्हणाले होते, तुझा तो बाप्या आणून उभा कर, मग बोलू. मोहनला त्याचं नाव माहीत नव्हतं. आणि रंगानं माखलेलं तोंड, तो ओळखणार तरी कसा?

रात्री सुनंदानं देवापुढे बसून जप करायचा प्रयत्न केला. मणी पुढे सरकेना. अख्खा पाडा म्हणतो बाई होती. म्हातारा माणूस, देवधर्म मानणारा, उगाच कशाला खोटं बोलेल? आणि मोहन? एवढ्या वर्षांत तिला कधी खोटं बोलला नव्हता. निदान तिला सापडला नव्हता. हा दुसरा विचार मनात आला, तशी तिनं माळ खाली ठेवली. सुषमाची वाटी अजून तशीच झाकून ठेवलेली होती.

शेवटी तिनं एक ठरवलं. बाई असेल, तर तिच्या पायावर डोकं ठेवायचं. नवऱ्याचा अपराध असेल तर तो आपलाही. सकाळी उठून तिनं पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू भरलं. बाईचा अपमान झालाय, तर तिची ओटी भरायची. दुसरं काही तिला येत नव्हतं.

"कुठं?" मोहननं विचारलं.

"देवीला," ती म्हणाली. आयुष्यातलं तिचं पहिलंच खोटं असेल ते.

एस.टी.नं तलासरी, तिथून इको गाडीत दाटीवाटीनं वेवजी. गाडीतही तोच व्हिडिओ चालला होता. ड्रायव्हर गुजरातीत शिव्या घालत होता, आणि मागच्या सीटवरचा मास्तरासारखा दिसणारा माणूस म्हणत होता, "आता लोकांच्या हातात मोबाईल आलाय ना, आता ह्यांची दादागिरी बंद." सुनंदा पिशवी पोटाशी धरून बसली होती.

पाडा रस्त्यापासून आत होता. कुडाची घरं, अंगणात होळीची राख. पोरं तिच्या मागून चालायला लागली. एका अंगणात बायका नाचणी पाखडत होत्या. सुनंदा उभी राहिली. 

"मी त्या पोलिसाची बायको," ती म्हणाली. "तुमच्या त्या बाईंना भेटायचंय."

सुपं थांबली. एकमेकींकडे बघणं झालं. मग एक उंच, काटक बाई उठली, कडेवर पाचेक वर्षांची मुलगी. त्या बाईचं नाव बारकी. सुनंदाला तिनं डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तू एकटी आलीस?"

"एकटीच."

"पिशवीत काय हाय?"

"ओटी. त्यांची भरायची म्हणून."

बारकीच्या ओठांचा कोपरा हलला. मागच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "बायची ओटी भरायला आली," म्हातारी म्हणाली, आणि अंगणभर खसखस पिकली. सुनंदाला काही कळेना. बारकीनं घराकडे तोंड करून हाक मारली, "ये बाय! पाहुणी आलीय तुला. पाणी दे."

आतून लाल लुगडं बाहेर आलं. हातात तांब्या, कपाळाला आडवं कुंकू, हातात काचेच्या बांगड्या. दंडावर खरचटल्याच्या खपल्या. आणि ओठांवर जाड, काळीभोर, वळवलेली मिशी.

सुनंदाच्या हातून पिशवी निसटली. नारळ घरंगळत अंगणाच्या टोकाला गेला, आणि पोरं त्याच्यामागे. तिला हसू आलं की रडू, तिचं तिला समजलं नाही. दोन्ही एकदम आलं. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके देत राहिली. केवढं पाप घेऊन आली होती ती पोटात! आपल्याच माणसाबद्दल!

"भर आथा ओटी," म्हातारी म्हणाली. "रिकामी परत नेयाची नाय."

मग सुनंदानं खरंच त्या मिशीवाल्या बायची ओटी भरली. त्यानं पदर पसरला, मान खाली घातली, लाजला. हसला मात्र नाही.

तो तुक्या, बारकीचा नवरा. कडेवरची ती रूपी. मागे एका पावसात रूपीचा ताप डोक्यात गेला होता. तेव्हा तुक्यानं गावदेवीला बोललं होतं, पोर वाचली तर पाच शिमगे बाय होऊन नाचेन. हा पाचवा. होळीला लुगडं नेसायचं आणि पाचमीला सकाळी देवीपुढं उतरवायचं. तोवर तो तुक्या नाही. त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, आत कोण आहे ते परक्याला सांगायचं नाही. विचारणारा कुणी असो, पाटील, पोलीस, माइकवाला. बाय म्हणजे बायच.

"तो माइकवाला विचारी, बाय कुठं, बाय कुठं," बारकी म्हणाली. "सुक्याबाबा काय सांगेल? बाय घरात हाय, सांगितलं. खोटं कुठं हाय?"

"पण त्या बोलण्याचं पुढे काय झालंय, तुम्हाला माहीत आहे का?"

कुणालाच माहीत नव्हतं. पाड्यावर रेंज नव्हती. सुनंदानं मोबाईलमध्ये ठेवलेला व्हिडिओ लावला. बायका गोळा झाल्या, सुक्याबाबा काठी टेकत आला. आधी सगळे हसले. "बघ बायचा गंगावन! बघ कसा पाय वर!" तुक्यानंही मान लांब करून बघितलं. मग सुनंदानं वर काय लिहिलं होतं ते सांगितलं. राक्षस. वर्दी राहता कामा नये. आणि खाली लोकांनी लिहिलेलं, थोडंच, फार सांगवेना तिच्यानं. झाडाला बांधा. हात तोडा. ह्याच्या बायकोला असंच ओढा.

बायका एकेक करून मोबाईलपासून मागे सरकल्या.

"आमी असं नाय बोललो," सुक्याबाबा म्हणाला.  "त्यानं बायला ओढली म्हणून बाय जिती हाय. ते कोणी विचारलंच नाय."

"मग आता चला ना," सुनंदा म्हणाली. "साहेबांना एवढंच सांगा. नाहीतर मी सांगते, तुमचं नाव सांगते, म्हणजे..."

"नाय!" बारकी उभी राहिली. आतापर्यंत एवढ्या मोठ्यानं ती बोलली नव्हती. "ठाण्यात गेलं का नाव विचारतील. पाचमी परवा हाय. आज नाव घेतलं तर पाच शिमगे वाया. पोरीवर येईल." तिनं रूपीला पुढं केलं, सुनंदाचा हात धरला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. केस मऊ होते, तेल लावलेले. "बोल. कोणाला सांगायची नाय. नवऱ्याला पण नाय."

सुनंदाला नवस म्हणजे काय ते सांगायला नको होतं. तिचा स्वतःचा जन्म त्यातच चालला होता. तिनं डोळे मिटले. "नाही सांगणार."

"पाचमीला लुगडं उतरलं का येव आमी. पण एकटं येयाचं नाय. ठाण्यात गेलेला आपला माणूस कसा परत येतो, ते आमाला माहीत हाय. तुझा नवरा चांगला, सगळं नाय चांगलं. तू ये न्यायला. त्याचे बाजूला उभी राहा."

"येईन," सुनंदा म्हणाली. "पाचमीला सकाळी येईन."

तुक्या एवढ्या वेळात एक शब्द बोलला नव्हता. त्यानं फक्त नारळ धुऊन आणला आणि देवळीत ठेवला.

घरी आल्यावर मोहनच्या समोर बसून जेवणं हे तिला जगातलं सगळ्यात अवघड काम झालं. तो भात चिवडत होता. श्रुतिका आतच जेवली. एका वाक्यानं दोघांना एका पंगतीला बसवता आलं असतं. ते वाक्य जिभेवर यायचं आणि हाताला तेलकट मऊ केसांचा स्पर्श व्हायचा. परवाच तर, ती मनाशी म्हणाली. एवढं थांबलं तर काय बिघडणार आहे?

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, तिचा उपास. दुपारी मोहनचा मोबाईल वाजला. त्यानं ऐकलं, आणि शर्टाची बटणं लावत लावतच जिना उतरला. काय झालं ते सुनंदाला मोबाईलनंच सांगितलं.

हायवेवर एका धाब्याजवळ शैलेश उभा होता. शैलेश होमगार्ड, डहाणूचाच, मोहनबरोबर असायचा. चहा प्यायला त्यांच्याकडे आला की "वहिनी, साखर घरातली संपली का?" म्हणून चिडवायचा. बाहेरगावाहून मोटरसायकलींवर आलेल्या पोरांनी त्याला घेरलं होतं. "हाच तो! व्हिडिओतला!" कुणीतरी ओरडलं. बाटली फुटल्याचा आवाज. शैलेश तोंड धरून खाली बसला. कुणी उचलायला गेलं नाही. सगळ्यांचे हात वर होते, मोबाईल धरून. वर लिहिलं होतं, 'जनतेनं शिकवला धडा.' त्याखाली टाळ्या वाजवणारे हात. दोन हात तिच्या भजनी मंडळातले होते.

सुनंदा चूळ भरायला म्हणून मोरीत गेली आणि तिथंच भिंतीला धरून उभी राहिली. शैलेश ठेंगणा, गोरा. मोहनशी त्याचं काहीही जुळत नव्हतं. खाकी सोडली तर.

मोहन वापीच्या हॉस्पिटलातून परतला तेव्हा त्याच्या बाहीवर रक्त वाळलं होतं. "डोळ्याचं काही सांगत नाहीत," तो म्हणाला. "त्याची आई मला विचारत होती, मोहन, माझ्या पोरानं कुणाला ओढलं रे?"

श्रुतिका दारात येऊन उभी राहिली होती. 

सुनंदा म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"तो पुरुषच होता. मी बघून आले. काल."

मोहन हळूहळू तिच्याकडे वळला. "काल? देवीला गेली होतीस ना?"

"त्यांच्याकडे गेले होते."

"आणि गप्प बसलीस?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कोण आहे तो? नाव काय त्याचं?"

सुनंदानं दोन्ही हात घट्ट धरले. "उद्या सांगते."

"उद्या?" तो हसला. असं हसताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. "शैलेशला कळवतो मग. म्हणावं, डोळा उद्यापर्यंत सांभाळ."

"मी एका लेकराच्या डोक्यावर हात ठेवलाय हो. त्यांचा नवस आहे. उद्या सकाळी सुटतो."

"आणि ह्या लेकराचं?" त्यानं श्रुतिकेकडे बोट केलं. "हिनं तीन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. हे तुझ्या कुठल्या नवसात बसतं?"

  श्रुतिका वडिलांकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली.  मोहन गॅलरीत निघून गेला.

निजानीज होण्याआधी आणखी एक गोष्ट सुनंदाच्या नजरेस पडली. पोलिसांच्या घरच्यांचा एक ग्रुप होता. हळदीकुंकवाची बोलावणी, शाळेच्या वह्यापुस्तकांची देवाणघेवाण असल्या कामाचा. आज तिथंही आग लागली होती. 'त्या बाईला पाड्यातून ओढून बाहेर काढा.' 'तिच्यामुळे शैलेशचा डोळा गेला.' 'हे लोक असेच, पोलिसांना बदनाम करायला पैसे घेतात.' 'एकदा सापडू दे, मग खरंच केसाला धरू.' हे लिहिणाऱ्या बायकांच्या हातचं तिनं खाल्लं होतं. लाल तोंडाचे चेहरे तेच, इकडेही.

उद्या तुक्या लुगडं उतरवून समोर येईल, म्हणेल, मीच तो. मग काय होईल? आज जे त्याच्यासाठी रडतायत ते म्हणतील, फसवलं आम्हाला. आणि हे तर टपूनच बसलेत. गंगावन उतरल्यावर त्याच्याकडे धरायला केसही नसतील, तोंड मात्र असेल. त्याचं खरं तोंड, नावासकट, सगळ्यांच्या मोबाईलवर. एवढं मोठं काही आपण त्या माणसाकडे मागितलंय, हे सुनंदाच्या आत्ता ध्यानात आलं. आणि त्यानं काही न बोलता नारळ धुऊन आणला होता.

सकाळी तिनं आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं. पोथी उघडली नाही. तेवढा वेळ नव्हता. श्रुतिका उठलेली होती. स्वयंपाकघरात चहा करत होती, कधी नव्हे ती. दोन कप भरून ती गॅलरीत गेली. वडिलांच्या शेजारी उभी राहिली. बोलणं ऐकू आलं नाही. बहुतेक झालंच नाही.

सुनंदानं पायात चपला घातल्या. मोहन आत आला. रात्रभर न झोपलेले डोळे.

"निघालीस?"

"हो. त्यांना एकटं यायचं नाही. मी बरोबर राहीन म्हटलंय."

तो दाराच्या कडीशी खेळत उभा राहिला. शैलेशचा विचार त्याच्या तोंडावरून हलला नव्हता, आणि तो लवकर हलणारही नव्हता, हे तिला दिसत होतं. तिच्यावरचा रागही हलला नव्हता.

"ठाण्यात आधी मी येऊन थांबतो," शेवटी तो म्हणाला. "साध्या कपड्यात. त्याला म्हणावं, आत जाताना माझ्याकडे बघ."

"सांगते."

"आणि तोंडाला फडकं बांधून आण त्याला. कुणी फोटो काढायच्या आत."

तिनं मान हलवली. खाली सुषमा अंगण झाडत होती. सुनंदाला पाहून तिचा झाडू थांबला, तोंड उघडलं, काही विचारायचं होतं तिला. सुनंदा तिच्या बाजूनं पुढं गेली, आणि पंचमीच्या रंगांच्या पुड्या मांडत असलेल्या दुकानांसमोरून, पदर खांद्यावर घट्ट ओढून, तलासरीच्या गाडीकडे चालायला लागली.